खाली पाणीच आहे

माझे मेहुणे शौकत भूगोलाचे मास्तर होते आणि युद्धाच्या विरुद्ध होते. माझी बहीण नाहिदा युद्धाच्या बाजूची होती. २००३च्या फेब्रुवारीत सगळं जगच या प्रश्नावर दोन तट पाडून बसलं होतं. पण जगातली माणसं भांडून झालं की आपापल्या घरी जात. ही दोघं बगदादच्या वजिरिया भागात एकाच घरात राहत होती.

प्रश्न मुळात त्यांच्या मुलाचा होता. सिनान १९९१च्या मार्चमध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, वसतिगृहातून उचलला गेला. कारण एक विनोद. अध्यक्षसाहेबांवरचा. विनोद सिनानचा नव्हता, माझा होता. मी तो बहिणीकडे जेवताना सांगितला आणि पोरानं कॉलेजात नेऊन सांगितला. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि बारा वर्षांत एकदाही कुणी ते तोंडातून काढलं नाही. तो विनोद इथं सांगत नाही. चांगला होता.

२००२च्या ऑक्टोबरात साहेबांच्या मनात अचानक दया उपजली आणि त्यांनी देशातले सगळे कैदी सोडून दिले. आम्ही तिघं सकाळपासून तुरुंगाच्या दारात उभे होतो. माणसं लोंढ्यानं बाहेर येत होती, अनवाणी, अंगावर चादरी गुंडाळून, डोळे चोळत. सिनान आला नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एका दाढीवाल्यानं नाहिदाच्या हातातला फोटो पाहिला आणि म्हणाला, "मावशी, वरचे सगळे सुटले. खालचे अजून आहेत. आम्हाला फरशीखालून ठोकल्याचे आवाज यायचे."

त्या दिवसापासून माझ्या बहिणीसाठी बगदाद दोन मजली झालं. वर आम्ही, खाली सिनान. आणि ती काही एकटी नव्हती. अर्ध्या शहराचा असा समज होता की साहेबांनी रस्त्यांखाली, सरकारी इमारतींखाली सात-सात मजले तुरुंग खणलेत आणि तिथं हजारो माणसं उजेडाची वाट बघत बसली आहेत. ज्यांचं कुणी हरवलं नव्हतं तेच या गोष्टीला हसत. असे फार थोडे होते.

युद्ध येणार म्हणून लोकांनी अंगणात विहिरी खणायला घेतल्या, तशी शौकतदाजींनीही घेतली. मला वाटलं, पाण्याची सोय. पण त्यांना बायकोला धडा शिकवायचा होता.

"ये, बघ इकडं," ते कमरेएवढ्या चिखलातून ओरडले. "मोज. चार मीटर. चार मीटरवर पाणी लागलं. नदीकाठचं गाव आहे हे. याच्या पोटात गाळ आणि पाणी, दुसरं काही नाही. इथं सात मजले कुठले खणतेस?"

"मी कुठं खणतेय? त्यांनी खणलेत."

"अगं, पाणी येतं!"

"तुमच्या खड्ड्यात येतं. त्यांच्या खड्ड्यात यायला पाण्याला भीती वाटत असेल." नाहिदानं वरून चहाचा इस्तिकान, छोटा काचेचा पेला, बादलीतून खाली सोडला. "साखर ढवळा, अबू सिनान. खाली बसलीय."

भूगोलाच्या मास्तरांनी साखर ढवळली.

अबू सिनान, म्हणजे सिनानचा बाप; आई ती उम्म सिनान. आमच्याकडे पहिला मुलगा झाला की माणसाचं नाव मागं पडतं. नाहिदा नवऱ्याला दिवसातून शंभर वेळा त्याच नावानं हाक मारायची आणि दाजी शंभर वेळा ओ द्यायचे.

बाहेरच्या खोलीत साहेबांची तसबीर होती. ती सगळ्यांच्याच घरी असे. नसली तर मग घर राहत नसे. पण दाजी दर गुरुवारी ती स्वतःच्या हातानं पुसायचे. नाहिदाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. तिनं एकदा सुचवलं की निदान न्हाणीघराच्या बाजूच्या बोळात तरी लावा, हे थोबाड बघत मला भाजी निवडवत नाही. दाजी म्हणाले, "खिळा हलला तर गिलावा पडेल."

"तुमच्या पाठीला कणा असता तर गिलावा धरायला मी तोच लावला असता," ती माझ्यासमोर म्हणाली. दाजींनी फडकं झटकलं आणि घडी करून ठेवलं. मी हसलो. मला हसायचा काही अधिकार नव्हता. ललितकला अकादमीची पदवी घेऊन मी साहेबांच्या घोषणा रंगवण्यात तीस वर्षं घालवली होती. बगदादमध्ये माझ्याइतकं कुणाचंच अक्षर वाचलं गेलं नसेल, आणि त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. खरं तेवढं मी काळ्या कापडावर लिहायचो. कुणी गेलं की गल्लीच्या तोंडाशी काळं कापड लावतात: कोण गेलं, कुणाचा कोण, कधी गेला, तीन दिवस कुठं बसायला यायचं. ज्यांना साहेबांनी मारलं त्यांच्यासाठी कापड लावायला बंदी होती. त्यामुळे माझी काळी कापडंही खरी असली तरी अपुरी होती.

युद्धाचा वाद रोज चहाबरोबर व्हायचा.

"उद्या हा काहीतरी करील म्हणून आज येऊन मारायचं, हा कुठला न्याय?" दाजी म्हणायचे. "मग उद्या कोणीही कोणाच्याही घरात शिरेल. म्हणेल, तुझ्या डोळ्यांत मला पुढच्या वर्षीचा खून दिसतोय."

"पुढच्या वर्षीचं त्यांचं ते बघतील. मी मागच्या बारा वर्षांचं बोलतेय."

"ते तुझ्या सिनानसाठी येत नाहीयेत. ते सांगतायत ते कारणसुद्धा खोटं आहे."

"असू दे खोटं. माझं खरं आहे ना? त्यांच्या खोट्या कारणानं माझं खरं काम झालं तर मी काय त्यांच्याकडं पावती मागू?"

"आणि बॉम्ब त्याच्याच डोक्यावर पडला म्हणजे? खाली आहे म्हणतेस ना?"

हे म्हणताना दाजींचा आवाज चिरकला. मला वाटलं, भीतीनं.

नाहिदानं हातातला इस्तिकान खाली ठेवला. मग म्हणाली, "एक-दोन घरं पडतील. पडू देत. आपलंसुद्धा. पण वरचं छप्पर उडाल्याशिवाय खालचं झाकण निघणार नाही."

शेजारची बद्रिया तेव्हा पीठ मागायला आली होती. ती दारातच उभी राहिली. तिची नऊ वर्षांची सुंदुस पायरीवर बसून आमच्या खिडक्यांना लावायच्या चिकटपट्टीची रिळं घरंगळवत होती. बद्रिया म्हणाली, "उम्म सिनान, तोंडाला काही बंध असू दे, बाई."

"तुझं पोरगं खाली असतं तर तूही हेच म्हणाली असतीस."

"माझं वर आहे," बद्रिया म्हणाली आणि पीठ घेऊन गेली.

माझं मत? मी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवायचो. आमच्या पिढीची मान या कामात तयार झालेली होती.

त्याच सुमारास परदेशातून काही माणसं बगदादला आली. बॉम्ब पडू नयेत म्हणून ती स्वतः पाणीपुरवठ्याच्या केंद्रात, वीजघरात मुक्काम करून राहणार होती. सरकारला ती फार आवडली. त्यांचे फलक रंगवायचं काम माझ्याकडं आलं. इंग्रजी येतं म्हणून दुभाषेपणही गळ्यात पडलं. त्यांच्यात वेल्सच्या एक ग्वेनबाई होत्या. सत्तरीच्या, शाळेत परिचारिका होत्या, गुडघ्यांना पट्टे. बाई मनापासून चांगल्या होत्या. हे मी उपहासानं लिहीत नाही, माझी तशी ख्याती असली तरी.

एक दिवस नाहिदा थेट पाणीपुरवठा केंद्रावर आली. हातात क्लेचाचा, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा. आमच्यावर नजर ठेवायला सरकारी माणूस होता, लुआय नावाचा, तो लगेच जवळ सरकला. नाहिदानं डबा ग्वेनबाईंना दिला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि शांतपणे बोलायला लागली.

"तू चांगली बाई आहेस. घरदार सोडून आलीस. मला एवढंच सांग, युद्ध झालं नाही तर माझ्या मुलाला बाहेर कोण काढणार? तू काढशील? मग तू इथंच राहा. मी तुला जन्मभर जेवायला घालीन. नाहीतर परत जा आणि त्यांना येऊ दे."

ग्वेनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. लुआयनंही पाहिलं. लुआयला इंग्रजी जुजबी कळायचं, पण आमची भाषा पुरेपूर कळायची. त्यानं नाहिदाचं बोलणं ऐकलं होतं. आता मी काय करतो ते त्याला बघायचं होतं.

"ती म्हणते," मी इंग्रजीत म्हणालो, "बगदादला तुमचं स्वागत असो. हे खजूर तिच्या अंगणातले आहेत."

ग्वेनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाहिदाला मिठी मारली. नाहिदाला वाटलं, हिला सगळं समजलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "रडली बघ. आईच्या पोटातलं आईला कळतं."

लुआयनं एक क्लेचा उचलला आणि मला म्हणाला, "उस्ताद हिकमत, भाषांतर छान करता तुम्ही." तो चांगला माणूस होता. त्यानं वर काही कळवलं नाही. क्लेचा मात्र चार खाल्ले.

नंतर मी ग्वेनबाईंना खरं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या गुडघ्याच्या औषधासाठी मायदेशी गेल्या, आणि मग युद्ध आलं.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्षेपणास्त्र पडलं. बद्रियाच्या घराची पुढची भिंत राहिली, मागची खोली गेली. सुंदुस मागच्या खोलीत होती. ते क्षेपणास्त्र त्यांचं होतं की आमच्याच तोफेचं वर जाऊन परत आलेलं होतं, यावर गल्लीत दोन पक्ष पडले आणि दोघांकडंही पुरावे होते. मी सुंदुसचं कापड लिहिलं. एरवी कापडावर गेलेल्याची मुलंबाळं, हुद्दा, जमात असं सगळं लिहून ओळी भरतात. नऊ वर्षांच्या मुलीबद्दल लिहायला काही नसतं. मी अक्षरं मोठी काढली, वेलबुट्टी केली. ते कापड बद्रियाच्या उभ्या राहिलेल्या भिंतीवर लावलं.

नाहिदा बसायला गेली. बायकांच्या खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. बद्रिया सगळ्यांसमोर म्हणाली, "उम्म सिनान, तू एक-दोन घरं म्हणाली होतीस. हे त्यातलं पहिलं की दुसरं?"

नाहिदा तीनही दिवस जाऊन बसली, कुणी तिच्याशी बोललं नाही, आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आता तो मिळालाच पाहिजे." एवढंच. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांकडं मला बघवेना. सिनान जिवंत निघाला तर ती कशीबशी बद्रियाच्या दारात उभी राहू शकत होती. नाही निघाला तर सुंदुस कशासाठी गेली, हा प्रश्न त्या गल्लीत एकट्या माझ्या बहिणीच्या नावावर लागत होता. ज्यांनी युद्ध केलं ते हजारो मैलांवर होते. ज्यानं ओढवून घेतलं तो लपून बसला होता. हाताशी नाहिदा होती.

एप्रिलच्या नऊ तारखेला साहेबांचं राज्य संपलं. घराघरांतून तसबिरी बाहेर आल्या. पोरं त्यांच्यावरून सायकली नेत होती, बाया चपलांनी झोडपत होत्या. गल्लीतल्या सगळ्या भिंतींवर एकेक पांढुरका चौकोन उरला. फक्त माझ्या बहिणीच्या घरात तसबीर होती तिथंच राहिली.

"आता तरी उतरवा ना, अबू सिनान! लोक थुंकतायत आपल्या दारावर."

"गिलावा पडेल."

"छप्पर पडायची वेळ आली आणि तुम्ही गिलाव्याचं काय घेऊन बसलाय?"

"दाजी," मी म्हणालो, "साहेब पळून गेले. ते आता बघायला येत नाहीत."

"राहू दे, हिकमत," ते म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून नाहिदा खणायला जायला लागली. नदीजवळ गुप्तचर खात्याची एक इमारत होती. लोक तिचं अंगण उकरत होते. शंभर-दोनशे माणसं. फावडी, पहारी, एकानं मोटारीचा दरवाजा आणला होता माती ओढायला. मध्येच कुणीतरी "शूऽऽ" करायचं. सगळे जमिनीला कान लावून पालथे पडायचे. "ऐकलं? ठोकतायत!" मग दुप्पट जोरानं फावडी चालायची. चार मीटरवर पाणी लागायचं. ते बादल्यांनी उपसायचे, आणि परत यायचं. एकजण म्हणाला, साहेबांच्या माणसांनी जाताना मुद्दाम पाणी सोडलंय, खालच्यांना बुडवायला. यावर बायका किंचाळत बादल्या घेऊन धावल्या. त्यात माझी बहीण पुढं होती. चौसष्ट वर्षांची. आणि तिच्या शेजारी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, भूगोलाचे निवृत्त मास्तर शौकत पाणी उपसत होते. बगदादच्या पोटात काय असतं हे ज्यांनी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं, ते.

दरम्यान माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणजे सरकार, बुडालं होतं. पण अक्षराला मागणी होती. काही सुटलेल्या कैद्यांनी नदीकाठच्या एका रिकाम्या बंगल्यात सरकारी दप्तरं ओढून आणली होती. पोत्यांनी. त्यात सगळं लिहिलेलं होतं: कुणाला कधी धरलं, कधी मारलं, जल्लादाची सही, डॉक्टरची सही. आमच्या सरकारनं आयुष्यात एकच काम नीटनेटकं केलं ते हे. वीज नव्हती, त्यामुळे प्रती निघत नव्हत्या, आणि बाहेर लोक रांगा लावून उभे. तेव्हा ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी मोठ्या कागदांवर नावं उतरवायची आणि कागद बाहेर भिंतीवर लावायचे, असं ठरलं. मी बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, वरून एकोणिसावं नाव: सिनान शौकत, विद्यार्थी. सात फेब्रुवारी १९९२. फाशी.

मी ते लिहिलं. मग विसावं लिहिलं. पानावर चाळीस नावं मावायची. चाळीस पूर्ण केली, शाईची दौत बंद केली आणि बहिणीकडं गेलो. दाजी एकटेच होते, अंगणातल्या विहिरीवर पाय धुत.

"दाजी, यादीत त्याचं नाव आहे."

त्यांनी पायावर पाणी घालायचं थांबवलं नाही. "सातवी तारीख लिहिलीय का?"

"हो."

"मग बरोबर आहे."

मी विहिरीच्या काठावर बसलो.

"मला तेव्हाच बोलावलं होतं," ते म्हणाले. "कागद दिला. लिहून घेतलं, की रडायचं नाही, कापड लावायचं नाही, बसायला कुणाला बोलवायचं नाही. सही केली आणि घरी आलो. हिला सांगितलं असतं तर ही गप्प बसली असती का? ओरडली असती. मग हिलाही नेलं असतं. म्हटलं, एक वर्ष जाऊ दे. मग दोन गेली. मग तिची ती वाट बघायची सवय... हिकमत, ती रोज उठायची ना त्या वाट बघण्यावर. मी तेच काढून घेऊ?"

"आणि युद्ध नको म्हणत होता ते?"

"खाली कुणी नव्हतंच ना रे. कुणासाठी यायचं होतं त्यांना?" त्यांनी पाय पुसले. "आणि ते आले की दप्तरं उघडणार. तेही होतंच. दोन्ही होतं. कुठलं किती, ते मला विचारू नकोस."

"मग दहा दिवस खणताय कशाला?"

"ती खणतेय म्हणून."

त्यांनी मला कागद भिंतीवर लावायला दोन दिवस थांबायला सांगितलं. म्हणाले, पाणी बघून दमेल, आपणहून थांबेल. पण त्या पानावर आणखी एकोणचाळीस आया होत्या. मी कागद लावला.

दुसऱ्या दिवशी नाहिदा बंगल्यावर आली, चिखलानं माखलेली, कुणीतरी सांगितलं म्हणून. गर्दी सारत पानापाशी गेली. एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग वळून तिनं मला शोधलं.

"हे तुझं अक्षर आहे."

"हो, ताई. पण मी फक्त उतरवून..."

"तीस वर्षं सगळ्या गावात तुझं अक्षर वाचतेय मी. 'जनता सुखी आहे' हे तूच लिहिलंस ना? आमच्या गल्लीच्या तोंडाशी? 'विजय आपलाच' तूच ना? आणि आता म्हणतोस हे खरं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू आयुष्यात एक तरी खरी ओळ लिहिली आहेस का रे, हिकमत? तुझ्या अक्षरावर मी माझा मुलगा मेला म्हणू?"

मी मूळ दप्तर आणतो म्हणालो. ती थांबली नाही. परत खणायला गेली.

संध्याकाळी उजेड असतानाच दाजींनी मला बोलावून घेतलं. नाहिदा बाहेरच्या खोलीत भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली होती, खात नव्हती. दाजी खुर्चीवर चढले. दोन्ही हातांनी साहेबांची तसबीर उतरवली. गिलावा खरंच पडला, बचकाभर. मग खुर्चीवरच बसून त्यांनी ती पालथी करून गुडघ्यावर ठेवली, मागचा पुठ्ठा नखानं उचकटला आणि घडी पडून पिवळा झालेला एक कागद काढून बायकोच्या हातात दिला.

साहेबांच्या राज्यात झडती सगळीकडं व्हायची. गाद्या फाडायचे, पिठात हात घालायचे. त्या तसबिरीला हात लावायची हिंमत कुणाची नव्हती. अकरा वर्षं दर गुरुवारी दाजी काय पुसत होते ते मला तेव्हा कळलं.

नाहिदानं कागद वाचला. तो टंकलिखित होता, कुणाचंच अक्षर नव्हतं. एकदा वाचला, पुन्हा वरून वाचला.

"त्या दिवशी काय केलंत?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"कागद आणला त्या दिवशी."

"घरी आलो."

"मग?"

"तू भेंडी केली होतीस. भातावर." दाजी खुर्चीवरून उठले नव्हते. "मी जेवलो."

"दुसऱ्यांदा घेतलीत?"

"घेतली. नाहीतर तू विचारलं असतंस, काय झालं म्हणून."

ती बराच वेळ कागदाच्या घड्या बोटानं सपाट करत राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी तुम्हाला अबू सिनान म्हणतेय."

"आणि मी ओ देत होतो," दाजी म्हणाले.

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण हाक मारली नाही. "चहा ठेवलाय" असं भिंतीला सांगायची. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. सगळ्या शहरात काळं कापड संपलं होतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं काखेतली घडी पुढं केली. तिचीच अंगभर घ्यायची काळी अबाया होती, जुनी, धुतलेली.

"यावर लिही. आणि हे बघ, छान काढू नकोस. वेलबुट्टी नको. शाळेतली मुलं लिहितात तसं लिही."

"तारीख?"

"खरी."

मी लिहिलं. तीस वर्षांच्या सवयीनं हात वळणं घ्यायला बघत होता, त्याला धरून ठेवावं लागलं. कबर कुठं आहे ते त्या कागदात नव्हतं, म्हणून ती ओळ कापडावरही आली नाही.

कापड गल्लीच्या तोंडाशी लावतात. तिथं आता एकच भिंत उभी होती, बद्रियाची, आणि तिच्यावर सुंदुसचं कापड होतं. मी म्हणालो, आपल्या दारावरच लावू. नाहिदा म्हणाली, नाही, विचारते. आम्ही शिडी घेऊन गेलो. दाजी मागून खिळे घेऊन येत होते, दहा पावलं अंतर ठेवून.

बद्रिया ढिगाऱ्यातून काढलेल्या विटा साफ करत बसली होती. तिनं आमच्याकडं, शिडीकडं, घडीकडं पाहिलं.

"सापडला?"

"सापडला."

"कुठं होता?"

"घरातच. त्या साहेबाच्या तसबिरीमागं."

बद्रियानं विचारलं, "कधी गेला?"

नाहिदा सांगू शकली नाही. मी घडी उलगडून तारीख दाखवली. बद्रियाला वाचता येत होतं. तिनं वाचली, मग मान वर करून स्वतःच्या मुलीची तारीख वाचली. मधलं अंतर तिनं मनाशी मोजलं असावं, ओठ हलले. आता ती काहीतरी बोलेल आणि ते ऐकून माझी बहीण पुन्हा कधी उठणार नाही, असं मला वाटलं. युद्धाबद्दल जगात जे काही बोललं गेलं त्यातलं शेवटचं वाक्य बोलायचा अधिकार त्या क्षणी त्या बाईला होता.

ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या वर लावू नका. खाली लावा."

"खालीच लावतो," नाहिदा म्हणाली.

बद्रिया पुन्हा वीट घासायला लागली. जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

मी शिडीवर चढलो. जमीन उकललेली, शिडीचा एक पाय विटांवर, एक मातीत. दाजी अजून लांबच उभे होते, खिळे तळहातावर धरून, परक्याच्या दारात उभे राहावं तसे. शिडी डुगडुगायला लागली. नाहिदा माझ्याकडं बघत होती, मागं न वळता, नेहमीच्याच आवाजात ती म्हणाली, "अबू सिनान, धरा ना. हलतेय ती."

"ओ," दाजी म्हणाले, आणि येऊन त्यांनी शिडी धरली.